माणच्या माळावर हेम्पचं बी : एका शेतकरी कंपनीपुढचा प्रस्ताव

माण तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या बैठकीत गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर एक प्रस्ताव आला. सभासदांनी मिळून वीस एकरांवर हेम्प लावायचं, म्हणजे धाग्यासाठी आणि बियांच्या तेलासाठी घेतात ती भांग. बियाणं एक खाजगी प्रतिनिधी देणार, मालही तोच उचलणार. बियाण्याचे पैसे मात्र आधी. त्याने सोबत उत्तराखंडातल्या एका परवान्याची झेरॉक्स जोडली होती आणि बियाणं ‘अस्सल हिमालयी गावरान वाणाचं’ असल्याचं पत्रकात छापलं होतं.

कंपनीचे बहुतेक सभासद कोरडवाहू आहेत. खरिपात बाजरी, मटकी, हुलगा, रब्बीत शाळू, पाणी पोचलंय तिथं कांदा आणि डाळिंब. तेल्या रोगाने डाळिंबाच्या बागा काढाव्या लागलेलीही त्यात घरं आहेत. ‘कमी पाण्याचं, जास्त पैशाचं पीक’ असं कुणी म्हटलं की अशा माणसांनी कान टवकारणं साहजिक आहे, आणि त्यांना त्यासाठी कुणी नावं ठेवू नयेत.

चर्चा पुढे सरकली तशा बियाण्याच्या आणखी दोन वाटा निघाल्या. एका तरुण संचालकाने परदेशी संकेतस्थळ दाखवलं. तिथं हिमाचलातलं मलाना, केरळ, मणिपूर अशा नावांनी भारतीय ‘लँडरेस’, म्हणजे गावरान वाणाच्या, बियाण्याची पाकिटं विकायला होती, दहा-दहा बियांची. त्याचं म्हणणं, आपल्याच देशाचं बी आहे, मग मधल्या दलालाची गरज काय? आणि एक वयस्कर सभासद, ज्यांना सगळे तात्या म्हणतात, ते म्हणाले, “नगरकडं, आमच्या आज्याच्या आजोळी, सरकारी परवान्यानं गांजा पिकायचा. ते बी कुणाच्या तरी कणगीत राहिलंच असंल की. आपल्या मातीतलं बी असताना हिमालयातनं कशाला आणायचं?”

कंपनीने कायद्याची बाजू साताऱ्यातल्या एका वकिलांकडे दिली आणि बियाण्याची बाजू तपासायला मला बोलावलं. गावाचं, कंपनीचं आणि माणसांचं नाव इथे दिलेलं नाही. बाकी प्रकरण घडलं तसं लिहितो आहे.

आधी कायदा, कारण तो आधी येतो

अमली पदार्थांचा कायदा 1985 चा. त्यात भांगेच्या झाडाची व्याख्या एका ओळीची आहे: कॅनाबिस या प्रजातीतलं कुठलंही झाड. धाग्याचं, तेलाचं, नशेचं असा भेद त्या व्याख्येत नाही. आठव्या कलमाने या झाडाची लागवड बंद आहे आणि विसाव्या कलमात लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. गांजा जवळ सापडला तर वजनावरून शिक्षा कमी-जास्त होते. लागवडीच्या पोटकलमात झाडं किती हा प्रश्नच येत नाही.

दोन गोष्टींनी बैठकीत गोंधळ केला होता. पहिली बियांची. गांजाच्या व्याख्येतून बिया वगळलेल्या आहेत, त्या फुलोऱ्यासोबत नसतील तर. म्हणून प्रतिनिधी छातीठोकपणे सांगत होता की बियाणं विकणं-घेणं कायदेशीर आहे. त्याचं वाक्य अर्ध्यावर थांबत होतं. ते बी मातीत गेलं आणि उगवलं की ते ‘कुठलंही झाड’ होतं, आणि तिथून पुढची सगळी जबाबदारी ज्याच्या नावावर सातबारा आहे त्याच्या अंगावर.

दुसरी गोष्ट उत्तराखंडाची. कायद्याच्या चौदाव्या कलमाने सरकारला मुभा आहे: फक्त धागा किंवा बी मिळवण्यासाठी, किंवा बागकामासाठी, अटी घालून लागवडीला परवानगी देता येते. उत्तराखंडाने ती वापरली आणि 2018 मध्ये व्यापारी हेम्पची वाट उघडली. टीएचसी, म्हणजे नशा आणणारं द्रव्य, 0.3 टक्क्यांपेक्षा जास्त नको ही त्यातली मुख्य अट. हिमाचलही त्या दिशेने निघालं आहे. तिथं कृषी विद्यापीठांकडून आधी प्रायोगिक अभ्यास करून घ्यायचं ठरलं. पण हे परवाने त्या त्या राज्याचे, ठरावीक जमिनीचे. डेहराडूनहून दिलेल्या कागदाने माणमधल्या दहिवडीच्या पोलीस ठाण्यात कुणाची सुटका होत नाही. महाराष्ट्रात साध्या शेतकऱ्याने अर्ज करावा आणि हेम्पचा परवाना हातात पडावा अशी व्यवस्था नाही.

वकिलांनी सेहेचाळीस आणि सत्तेचाळीस ही कलमं वाचून दाखवली तेव्हा बैठक एकदम शांत झाली. आपल्या जमिनीवर अशी लागवड होते आहे हे माहीत असून न कळवणं हा जमीनधारकाचा गुन्हा आहे. आणि पंच, सरपंच, गावकामगार यांना अशा लागवडीची कुणकुण लागली तर पोलिसांना ताबडतोब कळवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. हयगय केली तर शिक्षा. संचालकांपैकी एक जण विद्यमान सरपंच होते. म्हणजे कंपनीने ठराव केला असता तर त्याच ठरावावर सही करणाऱ्या माणसाला दुसऱ्या दिवशी स्वतःच्या मंडळाविरुद्ध खबर द्यावी लागली असती.

सातारा-सांगलीत उसाच्या, हळदीच्या, मक्याच्या आड लावलेली गांजाची झाडं पोलिसांनी उपटल्याच्या बातम्या अधूनमधून छापून येतात. हिरवट पोत्यांचा ढीग आणि शेजारी मान खाली घालून उभा असलेला शेतकरी. माझा आग्रह एवढाच होता की हेम्पचं नाव घेऊन आपला सभासद त्या फोटोत जाऊ नये.

कायद्यापाशीच थांबून फाइल बंद करता आली असती. पण उद्या राज्याने परवाना सुरू केला तर? प्रश्न पुन्हा बियाण्यावरच येणार होता. म्हणून ती बाजू पुरती तपासायची ठरली, आणि मला वाटतं या प्रकरणातला खरा धडा तिथंच होता.

‘आपल्या मातीतलं’ म्हणजे कुठलं

तरुण संचालकाचा भर या झाडाच्या भारतीय असण्यावर होता. त्यात तथ्य आहे. अथर्ववेदाच्या अकराव्या कांडात सोम, दर्भ, यव यांच्या पंगतीत भंगाचं नाव येतं. लिनिअसने 1753 मध्ये युरोपातल्या हेम्पला कॅनाबिस सॅटायव्हा म्हटलं. पुढे 1785 मध्ये फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ लामार्कने भारतातून आलेल्या नमुन्यांवरून कॅनाबिस इंडिका ही वेगळी जात मांडली. बुटकं, फांद्या फुटलेलं, धाग्याला निरुपयोगी पण वासाला उग्र झाड, असं त्याने ते वेगळं काढलं.

पण जनुकं थोडी वेगळी कहाणी सांगतात. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात जगभरच्या 110 झाडांचे जनुकसंच तपासले गेले. त्यातून निघालं ते असं की माणसाने हे झाड प्रथम पूर्व आशियात, साधारण 12,000 वर्षांपूर्वी आपलंसं केलं, आणि धाग्याच्या व नशेच्या जाती पुढे, सुमारे 4,000 वर्षांपूर्वीपासून वेगळ्या वाढत गेल्या. परागकणांच्या जुन्या थरांवरून काही संशोधक झाडाचं मूळ तिबेटच्या पठाराच्या ईशान्य कडेला नेतात. म्हणजे भारत हे या झाडाचं पहिलं घर नसेलही, पण इथं ते हजारो वर्षं नांदलं आणि इथल्या हातांनी त्याला इथलं रूप दिलं. गावरान वाण म्हणतात तो हाच.

गावरान वाण हे पाकिटात मावणारं प्रकरण नव्हे, हे मला मंडळाला पटवून द्यायचं होतं. शाळूचंच पाहा. माणच्या शिवारात एका गावाचा शाळू म्हणजे एकसारखी हजार ताटं नसतात. एखादं उंच, एखादं ठेंगणं, कुणाचं कणीस सैल, कुणाचं घट्ट. दुष्काळात त्यातली काही तगतात, चांगल्या सालात दुसरीच काही भरतात, आणि घरची बाई खळ्यावरून बियाणाची कणसं निवडते तेव्हा हा सगळा समूह ती पुढच्या वर्षात नेते. समूह, जागा आणि निवडणारा हात, या तिन्हींतलं एक काढलं की वाणाचं नाव उरतं, वाण उरत नाही.

भांगेत हे राखणं शाळूपेक्षा कठीण आहे. तिच्यात नर झाड वेगळं, मादी वेगळं, आणि परागीभवन वाऱ्याने. पराग कित्येक किलोमीटर जाऊ शकतो. आसपास दुसरी भांग असेल तर तुमच्या बियाण्यात तिचं रक्त आलंच म्हणून समजा. परवान्याने लावलेल्या कमी नशेच्या हेम्पपासून अर्ध्या कोसावर कुणी उसात चोरून गांजा लावला असेल, तर घरी राखलेल्या बियाण्यातून पुढच्या साली 0.3 टक्क्यांची रेघ ओलांडणारं पीक उभं राहू शकतं. शेतकऱ्याचा त्यात काडीचा दोष नसताना.

ती रेघ आली कुठून, हेही सांगण्याजोगं आहे. कॅनडातले अर्नेस्ट स्मॉल आणि अमेरिकेतले आर्थर क्रॉन्क्विस्ट यांनी 1976 मध्ये झाडांचं वर्गीकरण करताना 0.3 टक्के हा आकडा सोयीची सीमा म्हणून घेतला. पुढे देशोदेशींच्या कायद्यांनी तो उचलला. आपल्याकडे गांजासाठी पिढ्यान्‌पिढ्या निवडलेल्या गावरान झाडांत टीएचसी या आकड्याच्या कित्येक पट असतं. त्यामुळे पत्रकातलं ‘अस्सल हिमालयी गावरान’ आणि ‘0.3 टक्क्यांच्या आत’ हे दोन्ही दावे एकाच पिशवीबद्दल होते, तेव्हा प्रतिनिधीकडे मी प्रयोगशाळेचा अहवाल मागितला: कुठल्या खेपेचं बी, कुठे लावून, कितव्या आठवड्यात तपासलं. अहवाल आला नाही. पिशवीवर प्रमाणित बियाण्याचा टॅग नव्हता, सत्यप्रत, म्हणजे उत्पादकाने स्वतःच्या हमीवर विकलेल्या, बियाण्याचं लेबलही नव्हतं. बी उगवलं नाही तर तालुका तक्रार निवारण समितीपुढे कुठला कागद ठेवणार होतो आपण?

सव्वातेरा तासांचा दिवस

हिमालयी बी खरं निघालं असतं तरी एक अडचण राहिलीच असती, आणि तिच्याबद्दल पत्रकात एक अक्षर नव्हतं.

भांग दिवसाच्या लांबीवर फुलते. दिवस लहान होऊ लागला की झाड उंची वाढवणं सोडून फुलोऱ्यावर येतं. उत्तराखंडातलं अल्मोडा साडेएकोणतीस अंश अक्षांशावर आहे. तिथं जूनमध्ये दिवस चौदा तासांचा होतो. युरोपातल्या धाग्याच्या जाती पंचेचाळीस-पन्नास अंशांवर निवडलेल्या. तिथला उन्हाळी दिवस सोळा तासांच्या आसपास. दहिवडी पावणेअठरा अंशांवर. आपला वर्षातला सगळ्यात मोठा दिवससुद्धा सव्वातेरा तासांच्या आत असतो. उत्तरेच्या जातीला इथं कधी लांब दिवस भेटतच नाही. ती गुडघ्या-मांडीएवढी होते न होते तोच फुलू लागते. धाग्यासाठी उंच सरळ खोड हवं, तेच मिळत नाही, आणि इतक्या लहान झाडावर बी तरी किती धरणार?

सभासदांना हे चटकन उमगलं, कारण शाळूबाबत ते हेच जगत आलेत. रब्बीचा शाळू खरिपात पेरून पाहणारा माणूस माणात सापडणार नाही. वाण अक्षांशाला बांधलेला असतो ही गोष्ट त्यांच्या हाडात आहे; फक्त ‘आधुनिक पीक’ म्हटलं की ती विसरायला लावली जाते.

म्हणजे इथं हेम्प घ्यायचंच झालं तर बी दक्षिणेकडचं हवं. पंधरा ते वीस अंशांच्या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या वाढलेलं. आणि तिथं तात्यांचा प्रश्न पुन्हा समोर आला.

तात्यांच्या आज्याचं बी

तात्या चुकीचं सांगत नव्हते. ब्रिटिश सरकारने 1893 मध्ये हेम्प ड्रग्ज कमिशन नेमलं. डब्ल्यू. मॅकवर्थ यंग त्याचे अध्यक्ष. देशभर फिरून कमिशनने 1,193 साक्षी नोंदवल्या आणि 1894 मध्ये अनेक खंडांचा अहवाल दिला. त्यात परवान्याखाली गांजा पिकवणारे तीन मोठे पट्टे दिसतात: बंगालात राजशाहीकडचं नौगाव, मध्य प्रांतात खांडवा, आणि मुंबई इलाख्यात अहमदनगर, आजचं अहिल्यानगर. दख्खनचं स्वतःचं गांजाचं पीक होतं, त्याचं स्वतःचं बी होतं, आणि ते राखणारे शेतकरी होते.

त्याच अहवालातली दुसरी नोंद मला जास्त महत्त्वाची वाटते. भांग आपोआप उगवते ती हिमालयाच्या पायथ्याला आणि त्याखालच्या मैदानात. दख्खनच्या पठारावर तसं नाही. इथं ती माणसाने पेरली तरच होती. कुमाऊँत लागवडीवर बंदी आली तरी रस्त्याच्या कडेला, घरामागच्या उकिरड्यावर भांग उगवत राहिली. भाजलेल्या बियांची चटणी ताटातून गेली नाही, सालीचा धागा कुठे कुठे वळला जात राहिला. तिथल्या वाणाला जगायला परवाना लागत नव्हता. आपल्याकडच्या वाणाला पेरणारा हात लागत होता.

तो हात सुटला. गांजाच्या शेतात नर झाडं उपटून टाकत, म्हणजे फुलोऱ्यात फारसं बी धरत नसे. पुढच्या सालाचं बियाणं वेगळं राखावं लागे. असं राखलेलं बी लागवड थांबल्यावर किती टिकणार? भांगेच्या बीत तेलाचं प्रमाण मोठं, सुमारे तिसरा हिस्सा. कणगीतल्या उन्हाळ्यात काही वर्षांतच त्याची उगवण जाते. 1985 च्या कायद्याला चाळीस वर्षं होऊन गेली, आणि जुन्या परवान्यांची लागवड त्याच्याही आधीच आटत आलेली. तात्यांना मी हे सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “म्हंजे बी ठेवलं असतं तरी मेलंच असतं.” हो. जिवंत ठेवायचं तर दर चार-दोन वर्षांनी पेरायला हवं होतं, आणि पेरणं गुन्हा होता.

आज या भागात चोरून लावलेली झाडं सापडतात त्यांना कुणी दख्खनचा जुना वाण समजू नये. त्या मालाचं बी आंध्र-ओडिशाच्या सीमेवरून, कुठूनही, तस्करीच्या वाटेने फिरत आलेलं असतं. त्याला ना गावाचा इतिहास, ना निवडीचा. पोलीस ते जाळतात, आणि त्यात मला वाण म्हणून हळहळण्यासारखं काही दिसत नाही.

हळहळ आहे ती दुसऱ्याच गोष्टीची. मोहोळच्या संशोधन केंद्रावर गेल्या शतकाच्या पहिल्या अर्धात शास्त्रज्ञांनी सोलापूरकडच्या मालदांडी शाळूतून निवड करून 35-1 हा वाण काढला. आजही माण-खटाव-जतच्या शेतकऱ्याला दुकानात जाऊन मालदांडी मागता येतो. पैदासकार बियाणं, त्यातून पायाभूत, त्यातून प्रमाणित, अशी साखळी त्या गावरान वाणामागे उभी राहिली म्हणून तो मिळतो. नगरच्या भांगेच्या बाबतीत हे काम कुणी केलं नाही. जाणीवपूर्वक गोळा करून बी बँकेत शीतगृहात ठेवलं असतं, तर आज कमी टीएचसीची, आपल्या अक्षांशाला जुळणारी जात शोधायला हाताशी काहीतरी असतं. नशेच्या झाडांच्या समूहातही कमी टीएचसीची झाडं निघतात. निवड करणाऱ्याला सुरुवात तिथून करता येते. कायद्यात शास्त्रीय कामाला जागा होती, 1985 लाही होती. बंदी आणणाऱ्यांनी पिकाबरोबर बीही संपेल याचा विचार केला नाही, आणि पीकशास्त्राने त्या झाडाकडे पाठ फिरवली. ही चूक शेतकऱ्याची नव्हती.

पाकिटातला मलाना

संकेतस्थळाचा मुद्दा थोडक्यात आवरतो, कारण तो मुळातच पोकळ होता. परदेशातून बियाणं आणायला 2003 च्या वनस्पती विलगीकरण आदेशाप्रमाणे आयात परवाना आणि रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं. टपालाने येणारं पाकीट तसंच बेकायदेशीर. शिवाय कुणीतरी एकदा हिमाचलातून मूठभर बी नेलं, थंड देशात काचघरात दिव्याखाली पाच-दहा झाडांवर ते वाढवलं, पुन्हा वाढवलं, आणि नाव तेवढं मलान्याचं ठेवलं, तर आतलं बी मलान्याचं किती उरलं? इतक्या थोड्या झाडांतून गेलेल्या समूहाची विविधता झपाट्याने गळते, आणि ज्या थंडी-वाऱ्याने ते निवडलं गेलं होतं ते निवडणंही थांबतं.

त्या तरुणाला मी अजून एक विचारलं. आपल्या देशाचं जैविक धन परदेशी माणसाने न्यायचं तर 2002 च्या जैवविविधता कायद्याने राष्ट्रीय प्राधिकरणाची आगाऊ संमती लागते. ज्या खोऱ्याच्या नावावर हे पाकीट विकलं जातं त्या खोऱ्यातल्या माणसाला त्यातला एक पैसा मिळतो का? तो म्हणाला, “सर, आपल्या वाघ्या घेवड्याचं असं कुणी केलं असतं तर कोरेगावकर पेटून उठले असते.” वाघ्या घेवड्याला भौगोलिक मानांकन आहे, त्याची राखण करायला माणसं आहेत. भांगेच्या वाणांच्या बाजूने उभं राहायला कुणी नाही, कारण बाजू घेतली की माणूस संशयित होतो.

मंडळाने काय केलं

प्रस्ताव नाकारला गेला. प्रतिनिधीला लेखी कळवलं, आगाऊ रक्कम दिलेली नव्हतीच. ठरावात कारण लिहिताना दोन संचालकांना ‘कायदेशीर अडचण’ एवढंच हवं होतं. मी धरून बसलो की बियाण्याचं कारणही नोंदवा: उगम सिद्ध नाही, प्रमाणन नाही, अक्षांश जुळत नाही. उद्या कायदा बदलला तर पहिलं कारण गळून पडेल आणि हाच माणूस हीच पिशवी घेऊन परत येईल. शेवटी दोन्ही कारणं लिहिली गेली.

एका महिला संचालकांनी खाद्यबियांचा मुद्दा काढला होता. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 2021 मध्ये हेम्पचं बी, त्याचं तेल आणि पीठ अन्न म्हणून विकायला मान्यता दिली आहे, टीएचसीच्या मर्यादेसह. परवानाधारक पुरवठादाराकडून असं बी घेऊन तेल काढणं किंवा चटणीची पूड करणं कंपनीला शक्य आहे, आणि त्यात कुणाच्याही शेतात काही उगवायची गरज नाही. त्याचा हिशोब अजून चालू आहे. बाजरीच्या प्रक्रियेचं यंत्र आधी पूर्ण वेळ चालावं, मग पाहू, असं त्यांचं मत पडलं आणि मला ते रास्त वाटतं.

जे ठोस झालं ते दोन ठिकाणी. एक, ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला सरपंचांनी जागं केलं. लोक जैवविविधता नोंदवही धूळ खात पडली होती. तिच्यात आता तालुक्यातल्या शाळूचे, मटकीचे, हुलग्याचे घरोघरचे प्रकार, ते कोण राखतं आणि कुठल्या सालापासून, हे लिहायला सुरुवात झाली. तात्यांनी नगरकडच्या गांजाच्या पिकाबद्दल ऐकलेलं सगळं त्यात तोंडी इतिहास म्हणून नोंदवून घेतलं: कुठली जमीन लागायची, कापणी कधी व्हायची, बी राखायची जबाबदारी कुणाकडे असे. बी गेलं, पण त्याच्याभोवतीचं ज्ञान अजून एका माणसाच्या तोंडी आहे, तोवर ते कागदावर यायला हवं होतं.

दुसरं, कंपनीने कृषी विद्यापीठाला आणि जिल्हा कृषी अधीक्षक कार्यालयाला पत्र दिलं. मसुदा मी केला, दुरुस्त्या त्यांच्या. शेतकऱ्याला हेम्पचा परवाना द्या अशी मागणी त्यात नाही. मागणी अशी: केंद्राच्या 2012 च्या अमली पदार्थ धोरणातच कमी टीएचसीच्या जातींवर संशोधन व्हावं असं म्हटलेलं आहे, तेव्हा राज्याने विद्यापीठामार्फत, परवान्याखाली, कुंपणाच्या आत, देशाच्या दक्षिण भागातून मिळणाऱ्या भांगेच्या वाणांचं संकलन करावं, राष्ट्रीय बी बँकेत त्याच्या प्रती ठेवाव्यात, आपल्या अक्षांशावर त्यांची चाचणी घ्यावी आणि टीएचसीचे आकडे जाहीर करावेत. चाचण्या होऊन प्रमाणित बियाणं उपलब्ध होईपर्यंत कोरडवाहू शेतकऱ्याला कुणी हेम्पची पिशवी विकू नये, यासाठी कृषी विभागाने बियाणं विक्रेत्यांना स्पष्ट सूचना द्यावी.

पत्राची पोच मिळाली आहे. त्याची प्रत खटाव, जत आणि आटपाडीतल्या ओळखीच्या कंपन्यांनाही पाठवली, कारण तोच प्रतिनिधी तिकडेही फिरतो आहे असं कळलं. आटपाडीहून एका अध्यक्षांचा फोन आला: त्यांच्या सभासदांनी बियाण्याचे पैसे भरले आहेत, पिशव्या गोदामात आहेत, पेरणी झालेली नाही. त्यांना आमच्या वकिलांकडे पाठवलं. पिशव्या न उघडता ठेवायच्या, पावती आणि पत्रक जपायचं, आणि पेरणीच्या आत पैसे परत मागणारी नोटीस काढायची, असा सल्ला त्यांना मिळाला आहे.